पत्र्याआडचे लाकूड

पंख असलेला ट्रेलर म्हणजे शास्ता. जुन्या कॅम्पर ट्रेलरांचे वेड असलेला अमेरिकन माणूस ती महामार्गाच्या पलीकडच्या कडेवरूनही ओळखतो. मोटारीमागे जोडलेले पत्र्याचे बुटके घर, पुढून आणि मागून गोल वळवलेले, अंगावर पिवळा किंवा फिरोजी नागमोडी पट्टा आणि मागच्या दोन्ही बाजूंना वर उचललेले धातूचे पंख. पंखांचा उपयोग काहीही नाही. पन्नासच्या दशकात अमेरिकेत मोटारींना शेपट्या फुटल्या होत्या, तेव्हा ट्रेलरनेच का मागे राहायचे, एवढाच त्यामागचा विचार असावा.

आज ही शास्ता रंगवलेली, दाराशी कापडी छत ताणलेली, फोटोत फार गोंडस दिसते. विकायला निघते तेव्हा मात्र ती बहुधा एखाद्या शेतघरामागे गुडघाभर गवतात उभी असते. टायर बसलेले, एका खिडकीला प्लॅस्टिक चिकटवलेले. किंमत काही शे डॉलर, आणि कधी तर ‘ओढून न्या, तुमचीच’ एवढ्यावरही सौदा होतो. घेणाऱ्याला वाटते, एवढी स्वस्त मिळाली, दोन-तीन हजार घालू, उन्हाळ्यात बाहेर पडू. पण किमतीत जी सूट मिळाली ती पत्र्याआड कुजून बसलेली असते, आणि नवा मालक ती हप्त्याहप्त्याने परत भरतो.

शास्ता कंपनी रॉबर्ट ग्रे यांनी 1941 मध्ये लॉस एंजेलिस परिसरात सुरू केली. युद्धाचे दिवस होते आणि पहिले ट्रेलर सैन्यातल्या माणसांच्या राहण्यासाठी बनले. युद्ध संपले, पेट्रोलवरची रेशनिंगची बंधने उठली, 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणायला घेतले आणि सुट्टीत कुटुंबासह राष्ट्रीय उद्याने बघत फिरणे ही मध्यमवर्गाची गोष्ट झाली. ॲल्युमिनियमचे चकचकीत एअरस्ट्रीम ट्रेलर तेव्हाही होते, पण ते महाग. शास्ता साध्या पगारदाराची. तिच्या सोळा फुटांच्या ‘एअरफ्लाइट’ मॉडेलमध्ये जेवणाचे टेबल रात्री मोडून पलंग होई, शेगडी होती, बर्फाची लादी ठेवायची थंड पेटी होती आणि भिंतीवर गॅसची बत्ती. ती साठ वर्षे टिकावी अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, बनवणाऱ्याची तर नाहीच. हे नीट लक्षात ठेवले की पुढचा सगळा खर्च समजतो.

एअरस्ट्रीमच्या पत्र्यामागे ॲल्युमिनियमच्या बरगड्या असतात. शास्ताच्या पत्र्यामागे असते लाकूड: पाऊण इंच जाड, दीड इंच रुंद अशा पाइन-फर जातीच्या पट्ट्यांचा सांगाडा. कारखान्यात आधी लोखंडी चॅसिसवर जमीन बसवत, तिच्यावर कपाटे आणि बाकडी उभी करत, मग आतून बर्च प्लायवूड लावलेल्या भिंती आणि सर्वांत शेवटी बाहेरून जेमतेम पाऊण मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा स्टेपल मारून चढवत. ट्रेलर आतून बाहेर बांधला गेला, म्हणून तो दुरुस्त करायचा तर बाहेरून आत शिरावे लागते. कोपऱ्यातली एक कुजलेली पट्टी बदलायला पत्रा काढा, पत्रा काढायला कोपऱ्याची पट्टी काढा, तिच्यासाठी खिडकी, दिवे, पंख, सगळे उतरवा. आतून प्लायवूडवर नवे प्लायवूड ठोकून रंग मारणारे पुष्कळ आहेत. बाजारात त्यांचे ट्रेलर ‘पूर्ण नूतनीकरण केलेले’ म्हणून येतात आणि दोन पावसाळ्यांत त्यांच्या भिंती हाताला मऊ लागतात.

शत्रू एकच, पाणी. छत आणि भिंत जिथे भेटतात त्या सांध्यात कारखान्याने लांबी भरलेली असे. ती पंधरा-वीस वर्षांत वाळून तडकते. मग पाणी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून शिरते, पट्टीवरून उतरते आणि सर्वांत खाली, पुढच्या-मागच्या कोपऱ्यांत आणि दाराच्या उंबऱ्याखाली साचते. बाहेरून काही दिसत नाही, पत्र्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक पडदे आणि शेगडी बघण्याआधी गुडघे टेकून खालच्या कोपऱ्यांत पेचकसाचे टोक दाबून पाहते. टोक आत गेले तर किंमत कमी करून मागायची, किंवा सरळ परत फिरायचे.

मधल्या काळात गळती थांबवायला कुणीतरी सिलिकॉन फासलेले असते, हा आणखी एक ताप. सिलिकॉनवर रंग धरत नाही, नवी लांबी धरत नाही, दुसरे सिलिकॉनसुद्धा धरत नाही. ते पात्याने खरवडण्यात आठवडेच्या आठवडे जातात. ह्या कामाचे बिल कुणी कुणाला देत नाही, म्हणून ते खर्चाच्या कुठल्याही यादीत दिसत नाही.

आता पैसे. आकडे ढोबळच घ्यायचे, राज्य आणि लाकडाचा भाव बदलला की तेही बदलतात. सोळा फुटांच्या ट्रेलरच्या सांगाड्याचे लाकूड काही शे डॉलरांत येते. ऐकून बरे वाटते. आतल्या भिंतींना आणि छताला पातळ बर्च प्लायवूडचे पंधरा-वीस तक्ते लागतात, त्यांचे सातशे ते हजार. पत्रा चांगला असेल तर तोच परत लागतो. पण लोखंडी स्टेपल गंजून ॲल्युमिनियमला बारीक भोके पडलेली असली, किंवा जुन्या गारपिटीने पोचे पडलेले असले, तर नव्या पत्र्याचे दोन-तीन हजार वेगळे. खिडक्यांच्या लूव्हरच्या काचा, रबरी पट्ट्या, जाळ्या, सांध्यांसाठी ब्यूटाइलची चिकट टेप, स्टेनलेस स्क्रू, हे सगळे पाच-पंचवीस डॉलरांच्या पुड्यांनी येते, आणि ह्या पुड्यांचीच बेरीज माणसाला सर्वांत जास्त चकवते. बाकड्यांच्या गाद्यांचा फोम चांगल्या प्रतीचा घेतला तर खोळी घरी शिवूनही पाचशेच्या घरात जातो. मग टायर, बेअरिंग, ब्रेक, वायरिंग, गॅसची नळी. स्वतः राबून, उपकरणे जुनीच ठेवूनही सहा ते बारा हजार डॉलर जिरतात, आणि ट्रेलर विकत घेतल्याचे पैसे त्यात धरलेले नाहीत.

चाकांच्या बाबतीत काटकसर करणारा माणूस मला वेडा वाटतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या टायरवर नक्षी शाबूत दिसते, पण रबर मेलेले असते, आणि महामार्गावर तो फुटला की चाकावरचा पत्रा आणि त्यामागची नवी भिंत दोन्ही फाडून जातो. जुन्या ॲक्सलला ब्रेक बसवून मिळत नसतील तर इलेक्ट्रिक ब्रेकसह नवा ॲक्सल सहा-आठशेला पडतो. कायद्याने साधारण तीन हजार पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला बऱ्याच राज्यांत ब्रेकची सक्ती नाही. घाटात मागून ढकलणाऱ्या दीड टनाला मात्र कायदा वाचता येत नाही.

गॅसचेही तसेच. जुन्या बत्त्या लोक शोभेपुरत्या भिंतीवर ठेवतात. शेगडी साफ करून वापरता येते, पण रेग्युलेटर, रबरी नळी आणि सांधे नवे घालून दाब धरतो की नाही हे मीटरने तपासल्याशिवाय काडी ओढू नये. ज्यांचा धूर खोलीतच राहतो असे जुने हीटर बहुतेक शहाणे लोक भंगारात टाकतात. भिंती उघडल्यावर उंदरांची घरटी सापडतात तेव्हाही घाई करू नये. अमेरिकेच्या पश्चिम भागात उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस पसरतो, म्हणून आधी जंतुनाशक फवारून, मास्क घालून, मगच हात लावायचा.

ह्या सगळ्या यादीत मला सर्वांत आवडते ती आतल्या भिंतीची झिलई, आणि तिचा धागा थेट आपल्याकडे येतो. त्या काळच्या ट्रेलरांत बर्चवर अंबर शेलॅक मारलेले असे. शेलॅक म्हणजे आपला चपडा. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर सोडतात तो खरवडून, धुऊन, वितळवून केलेल्या तपकिरी पापड्या. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात ही लाख पिकते, आपल्या गोंदिया भागातही घेतात, आणि जगाला चपडा पुरवणारा देश म्हणून भारताचे नाव फार जुने. आपले सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करतात, तेच काम ओहायोतला एखादा निवृत्त शिक्षक गॅरेजमध्ये करत असतो. शेलॅकचा गुण असा की नवा हात जुन्या थराला थोडा विरघळवतो आणि त्यात मिसळतो, त्यामुळे अर्धी भिंत जुनी आणि अर्धी नवी असली तरी चार-पाच हातांनंतर रंग जुळतो. पॉलियुरेथेनला हे साधत नाही, ते वर बसते आणि जुन्या शेलॅकमधल्या मेणावरून सुटूनही येते. उलट शेलॅकवर पेला सांडला की पांढरा डाग पडतो. मग पुन्हा स्पिरिट आणि पुन्हा एक हात. वस्तू स्वस्त, वेळ खाणारी आणि चूक माफ करणारी, म्हणजे घरी काम करणाऱ्याच्या सोयीचीच.

उत्साहाच्या भरात वजनाचे भान सुटते. पातळ तक्त्यांऐवजी जाड प्लायवूड, फळीऐवजी दगडी ओटा, छतावर एअर कंडिशनर, खाली पाण्याची मोठी टाकी. ल्युसील बॉल आणि देसी अर्नाझ यांच्या 1954 च्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ ह्या चित्रपटात नवी नवरी प्रवासभर दगड गोळा करत जाते आणि डोंगराच्या चढावर ट्रेलर जिवावर उठतो. चित्रपट विनोदी आहे, पण जुन्या शास्ताच्या हलक्या चॅसिसवर हे घडायला दगडांचीही गरज नाही. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यावर यायला हवा. मागे पलंगाखाली सामान भरून तो कमी झाला की वेगात ट्रेलर शेपूट हलवू लागतो.

आता मजुरी. हे काम व्यावसायिकाकडे दिले तर ताशी शंभर डॉलरच्या आसपास दर आणि काही शे तासांचे काम, म्हणजे तीस-चाळीस हजारांच्या खाली बोलणे नाही. तोच ट्रेलर तयार होऊन विकायला काढला तर पंधरा-वीस हजार मिळाले तरी नशीब. गणित ज्याला येते तो हे दुकानात देत नाही, आणि स्वतः करणारा आपल्या तासांचे मोल शून्य धरतो म्हणूनच त्याचा हिशेब जुळतो. ह्याला तोटा म्हणावे असे मला वाटत नाही. घराच्या वास्तुशांतीला आलेले पाहुणे गवंड्याचे तास मोजत नाहीत. मात्र ‘विकून पैसे सुटतील’ असे बायकोला सांगून ट्रेलर अंगणात आणणाऱ्याने निदान तेवढे वाक्य गाळावे.

नवी घ्यायची सोयही मध्यंतरी झाली होती. शास्ता नाव हातोहात फिरत शेवटी फॉरेस्ट रिव्हर कंपनीकडे आले आणि 2015 मध्ये तिने 1961 च्या एअरफ्लाइटची नवी आवृत्ती काढली, स्थापनेच्या वर्षाला मान म्हणून बरोबर 1,941 ट्रेलरांची. पट्टा तसाच, पंख तसेच, आत मायक्रोवेव्ह आणि शौचालय. जुन्याच्या भक्तांनी नाके मुरडली, आणि बाकीच्यांनी निवांतपणे खरेदी केली. 1919 मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे सुरू झालेली आणि 1998 मध्ये पुन्हा उभी राहिलेली टिन कॅन टूरिस्ट्स ही संघटना मेळावे भरवते. अशा मेळाव्यांत लोक आपापल्या ट्रेलरची दारे उघडी टाकून बसतात, आणि रंगवलेल्या पत्र्यापेक्षा कपाटाच्या आतली, कुणालाही न दिसणारी जोडणी बघायला जास्त गर्दी होते.

बाजारात सर्वांत स्वस्त शास्ता मात्र कुजलेली नसते, अर्धवट उघडलेली असते. पत्रा उतरवून गॅरेजच्या भिंतीला टेकवलेला, सांगाडा अर्धा बदललेला, घटस्फोट किंवा पाठदुखी किंवा नुसताच कंटाळा आलेला, आणि जाहिरातीत लिहिलेले ‘ऐंशी टक्के काम झाले आहे’. ती अखंड कुजक्या ट्रेलरपेक्षाही कमी किमतीला जाते, कारण कुजकी भिंत हाच नव्या भिंतीचा नमुना असतो. छताचा वळसा किती, खिडकीचा कट कुठे, कुठली पट्टी कुठल्या पट्टीवर बसते, हे सगळे त्या सडक्या तक्त्यावर लिहिलेले असते, आणि आधीच्या मालकाने तो उत्साहाने कचऱ्यात टाकलेला असतो. अशी शास्ता बघायला जाणारा म्हणून आधी एकच प्रश्न विचारतो: जुने तक्ते ठेवलेत का? ठेवले असतील, स्क्रूच्या डब्यांवर नावे लिहिलेली असतील, तर तो पाकीट काढतो. नसतील तर पंखांची किंमत विचारतो, कारण पंख सुटेही विकले जातात.