पन्नास मीटरवरचं भोक

“काय लागलं, बाबा?”

पाच नंबरच्या लेनवर, मॅटवर पालथी पडलेली माझी लेक मान वर करून विचारते. डाव्या दंडाला स्लिंग आवळलेली, अंगात कॅनव्हासचं जाडजूड जॅकेट, कोपरं मॅटवर रोवलेली. मी मागे उभा राहून डोळे बारीक करतो आणि रोजचंच उत्तर देतो, “दिसत नाही गं.”

मार्चमधली सकाळ, साडेआठ वाजलेत. कोल्हापूरजवळच्या या रेंजवर टार्गेट अजून कागदाचं आहे. मोठ्या रेंजवर गोळी लागली की शेजारच्या पडद्यावर गुण उमटतो; इथे डोळ्यांनीच शोधायचं. पन्नास मीटरवरच्या त्या काळ्या गोलाचा व्यास ११२.४ मिलिमीटर. हात लांब करून चिमटीत मोहरी धरावी, तेवढाच तो इथून दिसतो. त्याच्या पोटात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि पॉइंट टू टूची गोळी ५.६ मिलिमीटरची. पांढऱ्यावर भोक पडलं तर एखादा तरणा डोळा अंदाज बांधेल. काळ्यात पडलेलं काळं भोक कुणाच्या बापाला दिसत नाही, आणि इथे तो बाप मी आहे.

म्हणून आज कट्ट्यावर तीन दुर्बिणी मांडल्यात. स्पॉटिंग स्कोप. रायफलवर दुर्बीण बसवलेली या खेळात चालत नाही. शेजारी वेगळी ठेवलेली चालते. शेडच्या भिंतीवर दोन फोटो आहेत: २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे असंच पालथं पडून मारण्यात, जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. दुसरा फोटो लागला आणि लेकीने रायफलचा हट्ट धरला. रायफल क्लबची मिळाली. दुर्बीण मात्र आपली आपण घ्यायची, तीही दहा हजारांच्या आत.

पहिली दुर्बीण माझीच, परवा कुरियरने आलेली. अजून परत करता येते म्हणून खोकं जपून ठेवलंय. अंगावर छापलंय २५-७५x७०. आठ हजारांत पंचाहत्तर पट! मी रुबाबात झूम शेवटपर्यंत फिरवतो आणि डोळा लावतो. गोल भला मोठा दिसतो, पण दुधात बुडवल्यासारखा. चष्म्यामुळे सगळं किल्लीच्या भोकातून बघितल्यागत. मागून कुणीतरी चालत जातं आणि टार्गेट उडी मारतं.

“कुणाचं टार्गेट बघालायसा?” लेकीचे प्रशिक्षक सर विचारतात.

मी दुर्बीण हळूच वर नेतो. पाटीवर आकडा आहे सात.

सर हसत नाहीत, ही त्यांची मेहेरबानी. पुढे वाकून ते झूम उलटं फिरवत पंचविसावर आणतात. दूध निवळतं, कागद कोरा करकरीत होतो आणि नवाच्या वर्तुळात बारीक भोक दिसतं. “पुढच्या काचेचा आकडा घ्या आणि झूमने भागा,” सर सांगतात. “सत्तर भागिले पंचाहत्तर, एक मिलिमीटरसुद्धा येत नाही. तेवढ्याच भोकातून उजेड डोळ्यात जाणार. पंचविसाला जवळजवळ तीन येतात. दिवसा डोळ्याची बाहुलीपण साधारण तेवढीच असते. पन्नास मीटरवर पंचविसाच्या पुढं काम काय?”

दुसरी दुर्बीण इथल्या एका जुन्या काकांची. झूम नाही, ठाम वीस पट. नळी सरळ, रंग उडालेला. पण चित्र असं स्वच्छ, की कागदाची फाटलेली कडही मोजावी. मला ती तिथल्या तिथे आवडते. लेकीच्या बाजूला ठेवतो. ती गोळी मारते, मग डोकं उचलून, खांदा वळवून, सरळ नळीच्या मागे डोळा न्यायला बघते. डावं कोपर सरकतं, दंडावरची स्लिंग सैल होते. पुन्हा आवळणं, पुन्हा गाल टेकवणं, पुन्हा श्वास. पुढची गोळी आठात.

“दुर्बीण झकास आहे,” सर म्हणतात, “पण ती उभ्या माणसाची.”

तिसरी शेजारच्या लेनवरच्या पोराची, २०-६०x६०. आयपीस पंचेचाळीस अंशांत वाकलेला. काकांच्या नळीपुढे चित्र जरा मऊ, कडेला किंचित जांभळी झाक. सर बुडाची कडी सैल करतात, अख्खी नळी कुशीवर वळवतात आणि आयपीस लेकीच्या डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ आणतात. झूम विसावर. ट्रायपॉड हलका आहे, वाऱ्याने थरथरतो. त्याच्या मध्ये पाण्याची भरलेली बाटली टांगली जाते. थरथर थांबते.

ठप्.

लेकीचं डोकं जागेवरच. गाल रायफलवरून जेमतेम बोटभर सुटतो आणि पुन्हा टेकतो. “नऊ,” ती स्वतःशीच म्हणते, “तीन वाजता.” म्हणजे उजवीकडे. कोपर हललेलं नाही.

मी खिशातून बिल काढून खोक्यात टाकतो. सर एवढंच म्हणतात, “अशी वाकडीच घ्या, उरतील त्या पैशात वजनदार बुटका स्टँड. उद्या निलिंगला, स्टँडिंगला जाईल, तेव्हा वर चढवायला लांब दांडा लागेल.”

काकांची नळी आता माझ्या वाट्याला येते. सर मला ती पाच नंबरवर लावून देतात, आणि फोकसची चकती मुद्दाम थोडी अलीकडे आणतात. टार्गेट पुसट होतं. “आता कागद बघू नका. मधली हवा बघा. काय दिसालंय?”

आधी काहीच नाही. मग खडीवरून ओढ्याचं पाणी वाहावं तशी हवा वाहताना दिसते, डावीकडून उजवीकडे, संथ. मिराज. क्षणात पाणी तेज होतं, लाटा जवळजवळ आडव्या पळतात. इकडे लेनवर शांतता आहे. लेकीचं बोट ट्रिगरवर आहे, पण गोळी सुटत नाही.

गेले चार महिने अशा वेळी मी मागून म्हणत आलोय, “मार की गं, किती वेळ?”

आज मी नळीला डोळा लावून गप्प आहे. पाणी धावतंय. धावतंय. मग ओसरतं, मघासारखं संथ होतं.

ठप्.

ती मान वर करत नाही. काही विचारतही नाही.