दाबाखालील हवेतील पाणी : पावसाळ्यात घ्यावयाची दक्षता

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भाताच्या संशोधनासाठी १९१९ साली कर्जत येथे केंद्र स्थापन झाले, ते याच पावसाच्या मुलखात. परंतु ज्या ओलाव्यावर भात पोसतो, तोच ओलावा लोखंडाला घातक ठरतो. पॉवर टिलर, मळणी यंत्र व ट्रॉली यांची किरकोळ दुरुस्ती घरीच करता यावी म्हणून काही शेतकरी पडवीत हवेचा कॉम्प्रेसर बसवितात. चाकांत हवा भरणे, यंत्रावरील धूळ उडविणे, अवजारांना फवाऱ्याने रंग देणे ही कामे त्यावर होतात. पावसाळा लागला की मात्र नळीतून हवेबरोबर पाण्याचे थेंब येऊ लागतात. त्यामुळे रंगावर फोड येतात. आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हवेची टाकी आतून गंजत जाते.

पाणी येते कोठून?

हे पाणी बाहेरून शिरत नाही. ते हवेतच बाष्परूपाने असते. ३० अंश सेल्सिअस तपमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. आषाढात हवेची आर्द्रता ९० टक्के असेल, तर तीत २७ ग्रॅम बाष्प असते. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब दिला असता सुमारे ८ घनमीटर हवा १ घनमीटर जागेत कोंबली जाते. म्हणजे तेवढ्या जागेत २१६ ग्रॅम बाष्प येते. हवा पुन्हा ३० अंशांपर्यंत निवाली की त्यांपैकी ३० ग्रॅमच बाष्परूपाने राहते आणि उरलेल्या १८६ ग्रॅमचे पाणी होते. ओले धोतर पिळावे, तशी ही हवा पिळली जाते. हिवाळ्यात तपमान २० अंश व आर्द्रता ५० टक्के असता हेच पाणी सुमारे ५० ग्रॅम भरते.

आधी निववावी, मग गाळावी

पुष्कळजण कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच पाणी गाळणारा फिल्टर बसवितात. तो उपयोगी पडत नाही. दाबामुळे हवा अतिशय तापते व तापलेल्या हवेतील बाष्प फिल्टरमधून तसेच निघून जाते. भाताच्या तपेल्यातील वाफ झाकणाला लागून थंड झाली म्हणजेच तिचे थेंब होतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून पुढील क्रम ठेवावा :

१. पंप व टाकी यांच्यामध्ये तांब्याची लांब नळी किंवा पाती असलेली थंडावा देणारी नळी बसवावी. कॉम्प्रेसरच्या चाकाचा वारा तिला लागेल अशी तिची जागा असावी. तिला टाकीकडे उतार द्यावा. पंप व टाकी यांच्यामध्ये बंद करता येईल अशी तोटी कधीही बसवू नये. टाकीच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढू नये.

२. टाकीतून निघालेल्या मुख्य नळास थोडा उतार देऊन शेवटी पाणी सोडण्याची तोटी ठेवावी. कामासाठी लागणारी शाखा नळाच्या वरच्या बाजूने काढावी, म्हणजे तळाचे पाणी तीत उतरत नाही.

३. पाणी वेगळे करणारा फिल्टर कामाच्या जागेजवळ, हवा निवाल्यानंतर बसवावा.

४. रंगकामासाठी त्यापुढे सिलिका जेलचे भांडे जोडावे. दाण्यांचा रंग पालटला की ते ओलाव्याने भरले असे समजावे. तापवून कोरडे केल्यावर ते पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत आरोग्यास अपायकारक कोबाल्ट क्लोराइड असते. यास्तव नारिंगी दाणे घ्यावेत. चाकांत हवा भरण्यास या खर्चाची गरज नाही.

टाकीची निगा

टाकीच्या तळाची तोटी रोज काम संपल्यावर सावकाश उघडून पाणी काढावे. पावसाळ्यात दिवसातून दोनदा काढावे. साचलेल्या पाण्याने पत्रा आतून झिजतो. वरून रंग चांगला दिसत असला तरी पातळ झालेली टाकी फुटून प्राणघात होऊ शकतो. गंजून झिरपणारी टाकी वेल्डिंग करून वापरू नये. ती बाद करावी. सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करू नये वा त्याचा दाब वाढवू नये. हवेसाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नये. तो फुटल्यास त्याचे तुकडे दूरवर उडतात. कोणताही सांधा सोडण्यापूर्वी दाब पूर्णपणे उतरवावा. टाकीतून निघणाऱ्या पाण्यात तेल असते, म्हणून ते विहिरीजवळ, शेतात किंवा ओढ्यात ओतू नये.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी गावातील कॉम्प्रेसरधारकांना एकत्र करून टाकीची तोटी उघडून दाखवावी. बाहेर पडणारे तांबूस पाणी पाहिले म्हणजे या दक्षतेचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागणार नाही.