कमरेवरची चांदी

संयुक्त अरब अमिरातीत राहिलेल्या मराठी माणसाच्या हातून 10 दिरहमची हिरवी नोट किती वेळा गेली असेल! तिच्या दर्शनी बाजूवर टोकाशी एकदम वळलेल्या म्यानातला खंजीर छापलेला असे. 1982च्या मालिकेपासून तो तिथे होता. 2022मध्ये पॉलिमरची नवी नोट आली आणि त्याची जागा शेख झायेद मशिदीने घेतली. कमरेवर मात्र तो टिकून आहे. लग्नात, अयाला नृत्यात, 2 डिसेंबरच्या राष्ट्रीय दिनी अमिराती पुरुष कंदुरा या लांब अंगरख्यावर पट्टा बांधून, पोटाच्या बरोबर मध्यावर तो मिरवतात.

1948मध्ये ब्रिटिश प्रवासी विल्फ्रेड थेसिगर अल ऐनजवळच्या मुवैजी इथे शेख झायेदना भेटला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या या माणसाचे त्याने केलेले वर्णन साधे आहे: वाळवंटातल्या बदू लोकांसारखा पोशाख, कमरेला खंजीर आणि काडतुसांचा पट्टा, बंदूक शेजारी वाळूवर. खंजीर ही बहुतेक सगळे बाळगत असलेली रोजची वस्तू होती. रस अल खैमाच्या डोंगरात राहणारे शिहू लोक त्याऐवजी लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड बाळगत.

अमिरातीतला खंजीर आणि ओमानचा खंजीर यांचे घराणे एकच. ओमानने तो आपल्या राजचिन्हात घेतला आहे, आणि 2022मध्ये खंजीर घडवण्याचे कसब व त्याभोवतीच्या प्रथा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ओमानच्या नावे नोंदल्या गेल्या. त्याच्या प्रकारांत सैदी हा सगळ्यांत ठसठशीत. ओमानचा सुलतान सईद बिन सुलतान याच्या इराणी राणीने, शहरजादने, त्याची मूठ नव्याने आखली असे परंपरा सांगते. म्यानाच्या वरच्या भागात चांदीच्या कड्या असतात, त्यांतून पट्टा अडकतो. साध्या खंजिराला बहुधा चार कड्या, सैदीला सात.

फिनलंडमधल्या कौहावाच्या चाकूवर कारागिराचा ठसा पात्यावरच मिळतो. जुन्या खंजिरावर मात्र सहसा कुणाचेच नाव नसते, म्हणून पारख घडणीवरूनच करावी लागते.

पहिल्यांदा खंजीर म्यानातून बाहेर काढायला सांगावे. म्यान काटकोनात वळलेले दिसते, पण पाते तितके वळत नाही आणि त्या टोकापर्यंत पोहोचतही नाही. ते वळण शोभेचे आहे. चांगल्या पात्याच्या मधोमध दोन्ही बाजूंनी उभा कणा असतो. पर्यटकांसाठी बनवलेल्या वस्तूत पत्र्यासारखे सपाट पाते मिळते, आणि कधीकधी ते म्यानात नीट बसतही नाही. मग म्यान उलटे करावे. पुढची बाजू सगळेच चमकवतात, खरी कहाणी मागे कळते. लाकडावर चामडे चढवलेले आहे का, चांदीच्या तारेचे विणकाम हाताचे आहे का, हे तिथे दिसते. हाताच्या कामात टाके अगदी एकसारखे नसतात, नक्षीची एक पाकळी दुसरीहून किंचित वेगळी असते. साच्यातून ओतलेल्या नक्षीत हा फरक नसतो. पैठणीची उलटी बाजू पाहून विणकर ओळखणाऱ्या वाचकाला हे नव्याने शिकवावे लागणार नाही. जुन्या म्यानामागे चामड्याच्या खोबणीत चांदीच्या मुठीची छोटी सुरीही सापडते. बारीकसारीक कामाला तीच हाती येई, म्हणून मला ती मोठ्या पात्याइतकीच मोलाची वाटते.

चांदी आली कुठून? बरीचशी नाण्यांतून. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे चांदीचे नाणे अरबस्तानात दोन शतके चालले. वजन सुमारे 28 ग्रॅम, चांदी 83 टक्क्यांच्या आसपास, आणि कधीही पाडले तरी त्यावर साल 1780च. सोनार ती नाणी वितळवून पत्रा ठोकत, तार ओढत. 1940-41मध्ये ही नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली. फोर्टातल्या त्या दगडी इमारतीतून निघालेली चांदी एखाद्या खंजिराच्या म्यानावर गेली असेल, ही शक्यता मला फार जवळची वाटते.

सगळ्यांत महाग असते ती मूठ, आणि इथेच संग्राहकाने ठाम राहायला हवे. गेंड्याच्या शिंगाची मूठ पूर्वी सर्वांत मानाची. तिचे धागे उजेडात अर्धपारदर्शक, मधासारखे दिसतात. पण 1970च्या सुमारास आफ्रिकेत सुमारे 65 हजार काळे गेंडे होते, ते 1995पर्यंत अडीच हजारांच्या आत आले. पूर्वेकडच्या औषधांची मागणी आणि येमेनमधल्या जंबिया खंजिरांच्या मुठी ही त्यामागची मोठी कारणे. 1977पासून गेंड्याच्या शिंगाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. भारतात 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. त्यामुळे दुकानदार जुन्या शिंगाची मूठ म्हणून कौतुकाने दाखवू लागला, तर ती वस्तू खाली ठेवावी. हस्तिदंतालाही हेच लागू. चंदनाची, इतर लाकडाची किंवा उंटाच्या हाडाची मूठ घडणीत कमी नसते. माझ्या मते आज घ्यायचा खंजीर तोच.

खरेदीआधी डोळा तयार करावा. रस अल खैमाचे राष्ट्रीय संग्रहालय 1987मध्ये जुन्या किल्ल्यात सुरू झाले, त्या किल्ल्यात पूर्वी तिथले राज्यकर्ते कवासिम घराणे राहत असे. बाजार पाहायचा असेल तर शारजाच्या जुन्या भागातला सूक अल अर्सा गाठावा. तिथल्या दुकानांत नवे-जुने शेजारीशेजारी टांगलेले असते, त्यामुळे तुलना आपोआप होते.

काचेच्या चौकटीत बसवून विकतात तो खंजीर घेऊ नका, त्याची मागची बाजू पाहता येत नाही. घेतलात तर विमानात तो हातसामानात चालणार नाही, चेक-इन बॅगेत टाका आणि बिल जपून ठेवा, मूठ कशाची आहे हे त्यावर लिहून घ्या.