परदेशचें राजकारण आणि आपला पार



नांदेड जिल्ह्यांतील भोकर हें तालुक्याचें गांव. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर तें लागतें. तेलंगणाची सीमा तेथून जवळ. अशा गांवीं चहाच्या दुकानांत घटकाभर बसावें, म्हणजे कधीं कधीं एक नवलाची गोष्ट कानांवर येते. शेजारच्या बांकावर दोन गृहस्थ हमरीतुमरीवर आलेले असतात. पण भांडणाचा विषय बांध नसतो, भाऊबंदकी नसते, ग्रामपंचायतीची निवडणूकही नसते. विषय असतो रशिया आणि युक्रेन यांचें युद्ध! एक म्हणतो, "अहो, सगळी आगळीक त्या नाटोची." दुसरा म्हणतो, "शेजाऱ्याच्या घरांत सैन्य घुसविणाराचा कैवार तुम्ही घेतां तरी कसा?" तिसरा कोणी, युरोप आतां बुडालाच, असें भविष्य सांगून मोकळा होतो. शेवटीं चहा निवतो, मनें कडू होतात, आणि ज्याच्या त्याच्या मतांत तिळमात्र फरक पडलेला नसतो.

हें पाहून पुष्कळ शहाणे लोक हंसतात. "यांना युरोपाची उठाठेव हवी कशाला?" असें ते म्हणतात. मला तसें हंसूं येत नाहीं. ही उठाठेव रास्त आहे, असेंच माझें मत आहे. ती नीट कशी करावी, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

युरोपाशीं आपला संबंध आजचा नाहीं. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस इंग्लंडांतील गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपलें आणि भाव कोसळले. ज्या कुणब्यानें लिव्हरपूल हें नांवही ऐकलें नव्हतें, त्याच्या घरचें लग्न थाटांत व्हावें कीं कर्जांत, हें लिव्हरपूलच्या कापूसबाजारानें ठरविलें. पुढें १९०७ सालीं सावरकरांनीं इटलीच्या मॅझिनीचें चरित्र मराठींत आणलें, आणि इंग्रज सरकारनें तें जप्त केलें. इटलीची कथा वाचून येथील तरुण कोणत्या देशाचा विचार करूं लागतील, हें सरकारला पक्कें ठाऊक होतें. सारांश, परदेशच्या राजकारणाची चर्चा आपल्याकडे निव्वळ करमणूक कधींच नव्हती. पुष्कळदां ती आपल्याच प्रश्नाची चर्चा असे.

आजही तसेंच आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियाचें सैन्य युक्रेनमध्यें चौफेर शिरलें, तेव्हां वैद्यकीचें शिक्षण घेणारीं हजारों भारतीय मुलें तेथें होतीं. मराठवाड्यांतील घरांतलींही मुलें त्यांत होतीं. 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेनें सुमारें २२,५०० भारतीय सुखरूप परत आले; परंतु खारकीव्ह येथें कर्नाटकांतील एक विद्यार्थी प्राणास मुकला. ज्या मायबापांनीं ते दिवस टेलिफोनकडे डोळे लावून काढले, त्यांना युरोपाची उठाठेव कशाला, असें कोण म्हणूं शकेल?

तेव्हां चर्चा करावी, हें ठरलें. आतां ती करतांना कोठें ठेंच लागते, तें पाहूं.

पहिली ठेंच कारणाची. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतें. युद्धापूर्वीं आपल्याकडे येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलाचा बहुतेक भाग युक्रेन आणि रशिया या दोन देशांचा होता. ती वाट अडतांच इतर तेलांचेही भाव चढले, कारण एक तेल महागलें म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळतें. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं लातूरच्या बाजारांत सोयाबीन क्विंटलला सात हजार रुपयांच्या घरांत होतें. लगेच आपला चहाच्या दुकानांतला गृहस्थ म्हणतो, "पाहा, युद्धानें आम्हांला भाव दिला!" येथें क्षणभर थांबावें. याच बाजारानें दहा हजारांच्या आसपासचा भाव पाहिला, तो २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे युद्धाच्या सहा महिने आधीं. उलट २०२४ च्या हंगामांत युद्ध चालूच होतें, तरी भाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीं घसरला. ब्राझीलचें पीक, आयातीवरील कर, पेंडेची मागणी, आपला पाऊस, या सर्वांचा हात त्या एका आंकड्यामागें असतो. युद्धाचा हात त्यांत होता, हें खरें. युद्धाचाच होता, हें खोटें. 'चा' आणि 'चाच' यांतील अंतर ज्यानें ओळखलें, त्याचा अर्धा वाद तेथेंच मिटतो.

दुसरी ठेंच अधिकाराची. वादांत 'युरोप म्हणतो', 'युरोपनें ठरविलें' असे शब्द सर्रास येतात. पण हा युरोप कोण? गांवांत सातबाराची तक्रार घेऊन कोणी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे गेला, तर आपण त्याला वाट दाखवितों. युरोपाच्या बाबतींत मात्र आपण सर्वच जण चुकीच्या कचेरीच्या दारांत उभे असतों. 'युरोपीय संघ' हा २७ राष्ट्रांचा; व्यापार, जकात आणि पुष्कळसे कायदे या राष्ट्रांनीं सामाईक केले आहेत. त्या राष्ट्रांच्या प्रमुखांची जी बैठक भरते, ती 'युरोपीय परिषद'. परंतु 'युरोप परिषद' ही अगदीं निराळी संस्था! ती १९४९ सालीं स्थापन झाली, तिचें ठाणें स्ट्रासबुर्ग येथें असून सभासद राष्ट्रें ४६ आहेत. मानवी हक्कांचें प्रसिद्ध न्यायालय तिचें. रशियाही तिचा सभासद होता, त्याला मार्च २०२२ मध्यें काढण्यांत आलें. 'नाटो' हा ३२ राष्ट्रांचा लष्करी करार, आणि त्यांत अमेरिका व कॅनडाही आहेत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजीं संघांतून बाहेर पडला, तरी नाटोंत आणि युरोप परिषदेंत तो आहेच. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघांत कधींच नव्हते. युक्रेनला संघानें जून २०२२ मध्यें उमेदवार म्हणून मान्यता दिली. परंतु उमेदवारी म्हणजे सभासदत्व नव्हे.

यांत भर अशी कीं, संघाचे परराष्ट्रधोरणाचे बहुतेक निर्णय एकमतानें व्हावे लागतात. म्हणून एक कोटीहूनही कमी वस्तीच्या हंगेरीला डिसेंबर २०२३ मध्यें युक्रेनसाठीं ठरलेली ५० अब्ज युरोंची मदत अडवून धरतां आली. ती फेब्रुवारी २०२४ मध्यें मंजूर झाली. हें ठाऊक नसलें म्हणजे एक पक्ष म्हणतो, युरोप भ्याला. दुसरा म्हणतो, युरोप फितला. खरी गोष्ट एवढीच असते कीं, सत्तावीस भावांच्या सामाईक वाड्यांत एकानें कुलपाची किल्ली दिली नाहीं.

राष्ट्राच्या नांवाआडही असेंच फसायला होतें. २३ जून २०१६ च्या सार्वमतांत ब्रिटननें संघ सोडण्याचा कौल दिला. तो शेंकडा ५१.९ मतांचा होता. आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांत बहुमत राहण्याच्या बाजूचें होतें. 'ब्रिटनला असें वाटलें' हें वाक्य बोलायला सोपें. पण त्यांत जवळजवळ निम्मे मतदार गडप होतात.

तिसरी ठेंच नांवाची, आणि ती सर्वांत कठीण. घटना एकच असते. परंतु तिला दिलेल्या नांवांतच निकाल दडलेला असतो. भोकरपासून फार दूर नसलेल्या उमरी येथें ३० जानेवारी १९४८ रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं दिल्लींत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशीं, स्टेट काँग्रेसच्या लढवय्यांनीं हैदराबाद स्टेट बँकेची तिजोरी लुटली. निझामाच्या अंमलदाराच्या दृष्टीनें तो दरोडा. हैदराबादच्या मुक्तीसाठीं लढणाऱ्यांच्या दृष्टीनें लढ्याचा खर्च भागविण्याचा उपाय. त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला भारताचें सैन्य रणगाड्यांसह हैदराबाद संस्थानांत शिरलें आणि त्या मोहिमेला नांव पडलें 'पोलीस कारवाई'! रशियाही आपल्या युद्धाला 'विशेष लष्करी मोहीम' म्हणतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत, असें मी म्हणत नाहीं. त्यांचीं कारणें वेगळीं, त्यांमागचा लोकांचा कौलही वेगळा. मी इतकेंच म्हणतों कीं, ज्यांनीं 'पोलीस कारवाई' हा शब्द घरांत ऐकला आहे, त्यांनीं तरी कोणत्याही सरकारनें ठेवलेलें नांव पारखल्यावांचून उचलूं नये.

आणि हैदराबादची गोष्ट निघालीच आहे, तर मुख्य मुद्द्याकडे येतों. आपण आज युरोपाविषयीं वाद घालतों. परंतु एके काळीं युरोपांत बसून लोकांनीं आपल्याविषयीं वाद घातला आहे. तेव्हां नांदेड जिल्हा हा निझामाच्या राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांपैकीं एक होता. ब्रिटिश पार्लमेंटांत चर्चिलसाहेबांनीं निझामाची बाजू उचलून धरली. निझामसरकारनें ऑगस्ट १९४८ मध्यें संयुक्त राष्ट्रांकडे भारताविरुद्ध तक्रार केली, आणि १६ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेची बैठक पॅरिस शहरीं भरली. हैदराबादतर्फे नबाब मोईन नवाज जंग आणि भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार यांनीं आपापली बाजू मांडली. हैदराबाद हें स्वतंत्र राष्ट्र म्हणावें काय, हा विषय परिषदेच्या अधिकारांत बसतो काय, यावर कायद्याचा कीस काढण्यांत आला. विषय चर्चेला घ्यावा, असें आठ मतांनीं ठरलें. तीन सभासद तटस्थ राहिले. त्या तिघांत एक सभासद कोण होता? युक्रेन! तेव्हां तो सोव्हिएत संघाचा घटक होता आणि त्याचें मत मॉस्कोच्या मताला धरून असे. पुढें २ मार्च २०२२ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत रशियाच्या आक्रमणाचा निषेध १४१ मतांनीं झाला, त्या वेळीं तटस्थ राहिलेल्या ३५ राष्ट्रांत भारत होता. काळाचें चक्र असें फिरतें.

पण त्या पॅरिसच्या सभागृहांत आपल्या गांवांचें काय झालें? रझाकारांच्या भयानें घरेंदारें सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत राहिलेलीं कुटुंबें त्या कायद्याच्या भाषेंत कोठें बसत होतीं? १७ सप्टेंबरला निझामानें शरणागति जाहीर केली आणि मराठवाडा मुक्त झाला. तो दिवस आपण आजही अभिमानानें पाळतों. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणीं निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या मंडळानें त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानांत फिरून अहवाल दिला. अधिकांत अधिक झळ ज्या चार जिल्ह्यांना लागली असें त्यांनीं लिहिलें, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेडचें नांव आहे. तो अहवाल कित्येक दशकें अप्रसिद्धच राहिला. पॅरिसमध्यें जे निझामाच्या बाजूनें तावातावानें बोलले, त्यांना रझाकारांचा गांजलेला शेतकरी दिसला नाहीं. आणि ज्यांना तो शेतकरी दिसत होता, त्यांतल्या पुष्कळांना पुढें उजाड झालेली मुसलमानांची आळी पाहवली नाहीं. पक्ष घेतला म्हणजे डोळा एकाच बाजूला फिरतो.

आज आपण युक्रेनविषयीं बोलतों, तेव्हां आपण त्याच पॅरिसच्या खुर्चींत बसलेले असतों, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. तेथेंही एखादें भोकर असेल. तेथेंही बाजार भरत असेल, आणि दोन्ही बाजूंच्या सैन्यांना एकाच विहिरीचें पाणी पाजण्याची पाळी कोणा म्हातारीवर आली असेल. 'रशिया' आणि 'नाटो' हे शब्द आपण पटावरच्या सोंगट्यांसारखे सरकवितों, तेव्हां ती म्हातारी पटावर दिसतच नाहीं.

म्हणून माझें सांगणें असें नाहीं कीं, दूरच्या राजकारणांत पक्ष घेऊंच नये. ज्यानें शेजाऱ्यावर सैन्य घातलें, त्याला तसें म्हणण्याचें धैर्य असावें. पण मत देण्यापूर्वीं चार गोष्टी स्वतःलाच विचारून घ्याव्या. हें घडलें तें कशामुळें, आणि आणखी कशामुळें? तें ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हातीं होता? आपण वापरतों तो शब्द कोणाच्या तोंडून आला आहे? आणि हें सारें शेवटीं कोणाच्या अंगणांत येऊन पडलें? जो गृहस्थ या चार प्रश्नांतून जाईल, त्याचा आवाज आपोआप थोडा खालीं येईल, आणि समोरच्याचें बोलणें त्याला पहिल्यानेंच ऐकूं येऊं लागेल.

आपल्या पारावर युरोपाच्या गोष्टी अवश्य निघूं द्या. आपल्या गांवाविषयीं परक्यांनीं जसें बोलावें असें आपल्याला १९४८ सालीं वाटलें असतें, तसें आपण त्यांच्या गांवांविषयीं बोलूं या. मग चहा निवला तरी हरकत नाहीं. मनें कडू होणार नाहींत.