खातो, तरी खंगतो

समुद्री टाकीतला मासा खंगायला लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘पण खातोय की छान!’ या वाक्यावर विसंबून फार मासे हातचे गेले आहेत. मासा खाणं सोडतो ते बहुतेकदा अगदी शेवटी. त्याआधी कित्येक आठवडे तो खातही असतो आणि झिजतही असतो.

ही झीज पोटावर दिसत नाही. नुकतंच खाल्लेलं पोट गोलच दिसतं, आणि आजाराने पोटात पाणी साठलं तरीही ते गोलच दिसतं. पाहायची ती पाठ. मासा तोंड आपल्याकडे करून आला की डोक्यामागचा, वरच्या पराच्या दोन्ही बाजूंचा भाग भरलेला हवा. तिथे खळगा पडला, पाठ सुरीच्या धारेसारखी झाली, तर तो अंगातलं मांस जाळून जगतो आहे.

‘मग जंतच असणार.’ असतीलही; समुद्रातून पकडून आणलेल्या माशांत ते नवलाचे नाहीत. पण औषधाआधी ताटात काय पडतंय ते पाहा, कारण पुष्कळदा ती निव्वळ उपासमार असते. अँथियास समुद्रात प्रवाहासोबत येणारे बारीक प्लवक दिवसभर टिपतो. संध्याकाळी एकदा दिलेल्या चिमूटभर खाद्यावर तो टिकत नाही. टँग दिवसभर शेवाळ खरवडणारा मासा, त्याला रोज नोरीसारखं समुद्री शेवाळ लागतं. मँडरिन खडकांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव एकेक करून वेचतो. लहान, नव्या टाकीतला हा साठा बघता बघता संपतो आणि इतका देखणा मासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भुकेने मरतो. काही बटरफ्लायफिश तर जिवंत प्रवाळाशिवाय जवळपास काहीच खात नाहीत. ते विकत न घेणं, एवढाच उपाय मला ठाऊक आहे.

वाढलेला आर्टेमिया हा बारीक कवचधारी जीव मासे आवडीने खातात, पण एकट्या त्याच्यावर मासा पोसला जात नाही. फ्रोझन मायसिस, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा बारीक जीव, त्याहून सकस. आणि खाद्य टाकल्यावर पाच मिनिटं टाकीसमोरून हलू नका. दांडगा मासा दुबळ्याला कोपऱ्यात रेटत असेल, तर दुबळ्याच्या तोंडी काय लागतं ते तेव्हाच कळतं.

विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असली की जंतांची खात्री झाली, असंही मानतात. रिकाम्या आतड्यातून नुसता चिकट स्रावही तसाच बाहेर पडतो. खरं निदान सूक्ष्मदर्शकाखाली होतं. लसणात भिजवलेल्या खाद्याने मासा तोंड उघडेल कदाचित, पण जंत मरतात याला भरवशाचा पुरावा नाही. कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, त्वचेवरच्या आणि कल्ल्यांतल्या काही परजीवींवर चालतं, आतड्यातल्या जंतांवर नाही. चपट्या जंतांना प्राझिक्वांटेल, गोल जंतांना फेनबेंडाझोल, आतड्यातल्या चाबूकधारी एकपेशीय जीवांना मेट्रोनिडॅझोल, अशी औषधंही वेगवेगळी आहेत. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून ती खाद्यात मिसळून आणि वेगळ्या टाकीत द्यावीत. मुख्य टाकीत ओतली तर तिथल्या इतर जिवांवर बेततं.

हे सारं नीट करूनही मासा खंगतच राहिला, तर माशांच्या क्षयाची शंका घ्यावी. १९२६ मध्ये अ‍ॅरॉन्सन यांनी फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या समुद्री माशांत या क्षयाचा ‘मायकोबॅक्टेरियम मरायनम’ हा जिवाणू नोंदवला. माणसाचा नेहमीचा क्षय वेगळ्या जिवाणूने होतो, त्यामुळे घरच्यांनी घाबरून जाऊ नये. पण हाताला कापलेलं, खरचटलेलं असेल तर हा जिवाणू तिथून शिरतो आणि महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी उठतात. तशी गाठ आली तर डॉक्टरांना ‘घरी माशांची टाकी आहे’ हे आपणहून सांगा. माशाला मात्र खात्रीचा उपचार नाही. असा मासा कुणाला देऊ नये, त्याची जाळी दुसऱ्या टाकीत बुडवू नये, हातमोजे घालूनच काम करावं. आणि तो मेला तर लगेच बाहेर काढावा. बाकीचे मासे त्याला टोचू लागले की रोग त्यांच्या पोटात जातो.