कुलाब्याचा किल्ला बेट आहे का?

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीला उभे राहिले, की माणसे ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्याकडे निघालेली दिसतात. सहा तासांनी तिथेच होड्या चालतात. मग नकाशावर हे बेट दाखवायचे की किनाऱ्याचाच तुकडा? सागरी नकाशातली किनाररेषा भरतीच्या पाण्याची असते, म्हणून किल्ला बेटच. मधला उघडा पडणारा पट्टा हिरवट रंगाने दाखवतात.

सागरी नकाशांबाबत सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज खोलीबद्दलचा. डोंगराची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, हे शाळेत शिकलेले आपण समुद्रालाही लावतो. प्रत्यक्षात नकाशातली खोली मोठ्यात मोठ्या ओहोटीच्या पातळीच्या आसपासून मोजतात. मुंबईला या दोन पातळ्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. तांडेलाला सरासरी पाणी कळून उपयोग नाही. कमीत कमी किती मिळेल, ते कळले पाहिजे. म्हणून खडपाजवळ १.५ लिहून खाली आडवी रेघ मारली असेल, तर ती खोली समजू नये. त्या खालच्या पातळीच्या वर खडक दीड मीटर डोके काढतो, असा त्याचा अर्थ. भरतीला तोच खडक दिसेनासा होतो आणि होडीच्या तळाला लागतो. मला तर ही छोटीशी रेघ नकाशातली सर्वांत मोलाची खूण वाटते.

किनाऱ्याची लांबी ठरलेली असते, हेही खरे नाही. महाराष्ट्राचा किनारा आपण ७२० किलोमीटर म्हणून पाठ केला. केंद्राच्या जुन्या यादीत तो ६५२.६ होता, नव्या मोजणीत ८७७.९७ झाला. समुद्राने जमीन दिलेली नाही. जुनी मोजणी ४५ लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी अडीच लाखांस एक. नकाशा बारीक झाला, की एरवी सरळ रेघेत बुजलेल्या खाड्या आणि खडपांचे कंगोरे मोजणीत येतात.

नकाशातली दाभोळ-धोपावे फेरीची तुटक रेघ म्हणजे बोटीची ठरलेली वाट, असेही नाही. इथे फेरी चालते, एवढेच ती सांगते. बोट कशी काढायची, ते त्या वेळचे पाणी आणि ओढ पाहून चालवणारा ठरवतो.

उपग्रह आहेत, मग समुद्रात जाऊन मोजायचे कशाला, असे विचारले जाते. आपल्या खाड्यांचे पाणी गढूळ. वरून तळ दिसत नाही. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांसाठी नौदलाची सर्वेक्षण जहाजे ध्वनिलहरी तळाकडे सोडतात आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढतात.

कुलाब्याला चालत जायचे असेल, तर मात्र भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून निघा. आज अकराला ओहोटी असेल, तर उद्या ती साधारण पाऊण तास उशिरा येईल.