मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाला किती तास, आणि वाशिमहून निघायचे कधी?

समजा, तिकिटावर मुंबईहून रात्री १:३० ला उड्डाण आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला आगमन असे छापले आहे. मग प्रवास सहा तासांचा? नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्च ते नोव्हेंबर तिथली घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो. म्हणजे उन्हाळ्यात हा प्रवास साडेपंधरा तासांचा भरतो.

हा फरक रेखांशामुळे पडतो: १५ अंशांना एक तास, एका अंशाला चार मिनिटे. वाशिमला हा विषय तसा जुनाच. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने लंका ते मेरू या मध्यरेषेवरची जी गावे सांगितली, त्यांत अवंतीसोबत वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, येते. आजच्या मोजणीत उज्जैन आणि वाशिम यांच्यात सव्वा अंशाहून थोडे जास्त अंतर निघते, पण त्या काळच्या साधनांनी एवढे जुळणे कमी नाही.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये. पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून पाहा. तो मध्य आशिया आणि रशियावरून, आइसलंडजवळून जातो. हे अंतर साधारण १२,५०० किमी. ताशी ९०० किमीने चौदा तासही लागू नयेत. पण विमान सरळ दोऱ्यावरून जाऊ शकतेच असे नाही. काही देशांचे आकाश बंद असते, आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. त्यामुळे येतानाचा प्रवास बहुधा लवकर संपतो.

याचे नामी उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. मार्ग हजाराहून अधिक किलोमीटरने वाढला, तरी वेळ सुमारे दोन तासांनी घटली!

वाशिमकरांची खरी चूक मात्र तारखेत होते. १५ तारखेचे रात्री १:३० चे विमान म्हणजे १४ तारखेची रात्र. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ ला रात्री साडेदहाला पोहोचायचे. मुंबई सरळ रेषेत सुमारे ४६० किमी असली तरी रस्ता त्याहून लांब पडतो. समृद्धी महामार्गाने गेले तरी आठ-नऊ तास धरावेत, वर मुंबईच्या गर्दीसाठी एक-दोन. तेव्हा १४ ला दुपारी बाराच्या आत घर सोडलेले बरे.